विचारलेत म्हणून सांगते

गुलाबाची फांदी नुसती खोचली तरी जगते, तयार रोपही सहज मिळते, मग घरी डोळे भरण्याचा, म्हणजे एका झाडाचा कोंबाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवण्याचा, खटाटोप कशासाठी, हा प्रश्न आमच्या गच्चीवर येणारे बहुतेक सगळे विचारतात. मोगलांनी ज्या नाशकाला गुलशनाबाद म्हटले तिथे गुलाब विकत कशाला आणायचा, असे मी पूर्वी सांगत असे. ते ऐकायला बरे वाटे, पण खरे उत्तर ते नव्हते.

सगळ्याच गुलाबांच्या फांद्या खोचून जगत नाहीत. अनेक संकरित जाती, त्यातही पिवळ्या, मुळे धरायला फार वेळ लावतात आणि धरली तरी स्वतःच्या मुळांवर पुष्कळदा अशक्त राहतात. रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वाढवलेल्या झाडावर, त्यांचाच डोळा बसला की झाड जोमाने वाढते. निफाड-दिंडोरीकडे डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरतात ती याच विचाराने: क्षार आणि पाण्याचा ताण खालच्या मुळांनी सोसावा, फळ वरच्या काडीने द्यावे. तिथल्या एका कलमे भरणाऱ्या कारागिराचा हात पाहूनच मी चाकू धरायला शिकले. एवढे सांगून मी थांबते, कारण पुढचे सांगणे मला जड जाते.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात सासूबाईंचा देशी गुलाब होता. वाडा पाडायचे ठरले आणि मेअखेरपर्यंत जागा रिकामी करायची होती. “एक फांदी नुसती खोचून ठेव ना गं कुंडीत,” असे त्या म्हणाल्या. म्हणजे तुमचा प्रश्न मला पहिल्यांदा त्यांनी विचारला. कलमावर तो अधिक जोमाने येईल, असे मी त्यांना ठामपणे सांगितले.

डोळे थंडीत भरावेत, हे मला ठाऊक होते. मे महिन्याच्या उन्हात खुंटाचा रस आटलेला होता आणि चीर दिल्यावर साल सुटत नव्हती, तरी मी ती चाकूच्या टोकाने ओढून उघडली आणि चौदा कुंड्यांत चौदा डोळे भरले. डोळे काढून उरलेल्या काड्या मी कचऱ्यात टाकल्या. पंधरवड्यात तेरा डोळे काळे पडले. चौदाव्याला राखलेला पानाचा देठ अठराव्या दिवशी बोट लावताच गळून पडला, म्हणजे डोळा जगला होता. आणि त्याच आनंदात, तो फुटण्याची वाट न पाहता, मी खुंटाचा शेंडा छाटून टाकला. तोवर वाड्याची जमीन सपाट झाली होती.

पुढे कोंब आला तो चिरेच्या बोटभर खालून. सात पाने म्हणजे खुंटाची फांदी, असे म्हणतात. पण सासूबाईंच्या गुलाबालाही कधी कधी सात पाने येत, असे मी स्वतःला समजावत राहिले. देठाच्या बुडाशी रानगुलाबाची कातरलेली झालर स्पष्ट दिसत असतानाही मी त्या कोंबाला चार महिने शेणखत घातले. दसऱ्याला सासूबाईंनी फूल कधी येईल असे विचारले, तेव्हा मला सांगावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत.

चूक कलमाची नव्हती, हंगामाची आणि घाईची होती, असे मी अनेक वर्षे म्हणत आले, आणि ते खोटे नाही. पण देशी गुलाब फांदीवरून सहज येतो हे माहीत असताना मी चाकू का उचलला, याला ते उत्तर होत नाही. मला तो गुलाब वाचवायचा होता की आपल्या हाताचे कसब सासूबाईंना दाखवायचे होते, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

तरीही दर थंडीत मी डोळे भरते. डोळ्यासकट काढलेली सालीची ढाल चिरेत नीट सरकली आणि पट्टी बांधून झाली की पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तिकडे पाहण्यात जे समाधान आहे, ते विकतच्या रोपात मला मिळत नाही. आता मूळ झाडाची एक काडी आधी वाळूत खोचून ठेवते, मगच चाकू हाती घेते. आणि पंचवटीतली जुनी शेजारीण भेटली की तिने कधी आमच्या गुलाबाची फांदी खोचायला नेली होती का, असे विचारते.