तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा किती?

"डॉक्टर, जो जास्त ऑपरेशनं करतो तोच चांगला सर्जन ना?" तारीख ठरली की कुणीतरी नातेवाईक मला बाजूला घेऊन हे विचारतोच. मी उलट विचारतो, ऑपरेशन कुठलं?

कारण सगळा फरक तिथे आहे. अमेरिकी सर्जन जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) रुग्णांचे आकडे मांडले. स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत 16.3 टक्के रुग्ण दगावले होते, सर्वाधिक करणाऱ्यांत 3.8 टक्के. मेंदूला रक्त नेणारी मानेतली रोहिणी साफ करायच्या शस्त्रक्रियेत मात्र हेच आकडे 1.7 आणि 1.5. तिथे संख्येच्या मागे धावून फारसं हाती लागत नाही.

मग सरळ मृत्यूच का मोजू नयेत? हिशोब करून बघा. समजा एखाद्या ठिकाणी स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया वर्षाला 5 वेळा होते आणि खरी जोखीम 10 टक्के आहे. तरीही वर्षभरात एकही मृत्यू न होण्याची शक्यता 59 टक्के! "आमच्याकडे कुणीच दगावलं नाही" हे वाक्य खरं असूनही काही सांगत नाही. संख्या त्यातल्या त्यात बरी, म्हणून आपण ती धरतो.

पण संख्या म्हणजे फक्त सर्जनचा बसलेला हात नव्हे. (आम्हाला तसं वाटायला आवडतं, ते सोडा.) 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त आणि कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं. ती झाल्यावर मात्र एकीकडे 21.4 टक्के रुग्ण गेले, दुसरीकडे 12.5. म्हणजे रात्री दोनला नाडी वाढली तर ती कोण बघतं, आयसीयूत कोण असतं, हे विचारायला हवं.

शिवाय कार्यकारण उलटंही असू शकतं: हात चांगला म्हणून रुग्ण तिकडे पाठवले जातात. आणि आकडाच मोठेपणा ठरला, तर गरज नसलेली ऑपरेशनंही आकड्यात भर घालतात, हे मला जास्त खुपतं.

"मग तुमचा आकडा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. हर्नियाचा सांगतो. स्वादुपिंडाचे रुग्ण मी दुसरीकडे पाठवतो.