एलएक्सडीवरून इन्कसवर: आमची वाटचाल

आम्ही तिघं. लहान संस्थांच्या वेबसाइट, नोंदणीचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवर चालते ठेवायचे, एवढंच काम. नीट चाललं तर कुणाला आमची आठवण येत नाही, बंद पडलं की फोन वाजतो.

सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाला वेगळं व्हर्च्युअल मशीन द्यायचो. बरीचशी रॅम त्या मशिनांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच खाऊन टाकायच्या. मग एलएक्सडी हाती लागलं, एकाच सर्व्हरवर कंटेनर नावाचे वेगवेगळे कप्पे चालवणारा प्रोग्रॅम. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच, पण प्रत्येक कंटेनरात स्वतंत्र लिनक्स. आत शिरलं की अख्खं मशीन आपलंच. अपडेटआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, घ्यायचा, फसलं तर मागे फिरायचं. खटकायचं एवढंच की प्रोग्रॅमचं नाव एलएक्सडी, त्याची कमांड 'एलएक्ससी', आणि एलएक्ससी नावाचा मूळ प्रकल्प आणखी तिसराच. नवीन माणसाला हे समजावण्यात अर्धा तास जायचा.

४ जुलै २०२३ ला जाहीर झालं की एलएक्सडी आता लिनक्स कंटेनर्स या सामायिक प्रकल्पात राहणार नाही, उबुंटू बनवणारी कंपनी कॅनॉनिकल ते स्वतःकडे घेतंय. तक्रार करायला जागा नव्हती; २०१४ मध्ये ते पुढे आणलं होतं त्यांनीच. त्याच महिन्यात प्रकल्पाचे प्रमुख स्टेफान ग्रेबर कंपनीतून बाहेर पडले. ऑगस्टमध्ये अलेक्सा साराई यांनी एलएक्सडीचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून निघालेली वेगळी शाखा, काढला, 'इन्कस', म्हणजे ऐरणीच्या आकाराचा तो गडगडाटी ढग. लिनक्स कंटेनर्सने तो लगेच आपलासा केला आणि ऑक्टोबरमध्ये ०.१ आवृत्ती आली.

आम्ही काय केलं? काहीच नाही. फोर्क म्हटलं की माझं मत ठरलेलं: चार महिने उत्साह, मग सामसूम.

डिसेंबरने झोप उडवली. एलएक्सडीचा परवाना मोकळ्या अपाचे २.० वरून एजीपीएलवर, म्हणजे बदललेला कोडही खुला ठेवायची अट घालणाऱ्या परवान्यावर, गेला. इन्कस अपाचेवरच राहिलं, त्यामुळे इन्कसमधला कोड एलएक्सडीला घेता येणार, उलट मात्र नाही. आमच्यासारख्या नुसत्या वापरणाऱ्यांना यानं थेट फरक पडत नव्हता. पडला तो दुसऱ्याच बातमीनं: लिनक्स कंटेनर्सच्या इमेज सर्व्हरवरून एलएक्सडीला इमेज, म्हणजे नवा कंटेनर ज्यावरून बनतो ते तयार साचे, देणं टप्प्याटप्प्याने बंद होणार होतं. आमचे जवळपास सगळे कंटेनर तिथल्याच डेबियन या लिनक्सच्या इमेजवर उभे होते. इतकी वर्षं त्या इमेज रोज कोण बनवतं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

एप्रिल २०२४ मध्ये इन्कस ६.० आलं, २०२९ पर्यंतच्या सपोर्टसह. तेव्हा कुठे आम्ही हललो.

स्थलांतरासाठी 'एलएक्सडी-टू-इन्कस' नावाचं साधन मिळतं. ते आधी दोन्हीकडची तपासणी करतं, अडचण दिसली तर तिथेच थांबतं, नाहीतर परवानगी विचारून डेटा हलवतं. रात्री बारानंतर बसलो. शेवटचा 'येस' टाइप करताना हात थबकला, खोटं कशाला बोलू. काही मिनिटांत यादीत सगळे कंटेनर 'रनिंग'. आमच्या सहकाऱ्याला तेवढं 'परवानगी नाही' दिसत होतं. इन्कस वापरायची मुभा देणाऱ्या 'इन्कस-ॲडमिन' ग्रुपमध्ये त्याला घालायचं राहिलं होतं.

खरी चूक नवव्या दिवशी कळली. एका ग्राहकाने उडवलेली फाइल परत मागितली आणि बॅकअपच्या फोल्डरात नऊ दिवसांच्या शून्य बाइटच्या फाइली निघाल्या. रात्रीची स्क्रिप्ट अजून 'एलएक्ससी एक्स्पोर्ट' म्हणत होती, आणि एलएक्सडी तर आम्ही काढून टाकलं होतं. एरर आला असणारच, पण एरर गिळून टाकायची ओळ मीच कधीतरी लिहिली होती. वाचलो ते रोजच्या स्नॅपशॉटमुळे. त्याचं वेळापत्रक कंटेनरच्याच सेटिंगमध्ये होतं, म्हणून ते कंटेनरबरोबर आलं आणि बिनबोभाट चालू राहिलं. आता बॅकअपची फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान निघाली की तिघांनाही मेसेज जातो.

पुढे ६.३ पासून डॉकर या दुसऱ्या कंटेनर प्रोग्रॅमच्या धाटणीच्या इमेजही इन्कसमध्ये थेट चालू लागल्या, त्यामुळे त्यासाठी राखलेलं एक मशीन आम्ही मोकळं केलं. एक ग्राहक मात्र 'चाललंय ते चालू द्या' म्हणाला. त्याच्या मशीनवर आजही एलएक्सडी आहे, आणि तिथे बसलो की बोटं आधी 'इन्कस लिस्ट' टाइप करतात.