‘आबां’च्या गळ्याचा शॉट

वाड्याच्या ओसरीवर ‘आबां’चं प्रेत. नाकात कापूस, तोंडात तुळशीपत्र, उशाशी पणती. सकाळी मास्टर, म्हणजे अख्ख्या प्रसंगाचा रुंद शॉट झाला, जेवणानंतर सजेशन लागलं, म्हणजे पाठमोऱ्या सूनबाईच्या खांद्यावरून आबांवर कॅमेरा. कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय ना हे पाहणं, माझ्याकडे.

पटकथेत संवादांवरून उभी रेघ ओढायची. बोलणारं पात्र चौकटीत दिसतंय तिथे सरळ, नुसता आवाज असेल तिथे नागमोडी. समोरच्या कोऱ्या पानावर हालचाली, पण शब्दासकट: ‘आबा’वर उजवा हात छातीवर, ‘उठा’वर पदर घसरतो. नुसतं ‘रडताना हात ठेवते’ लिहिलं, तर संकलनात दोन शॉट जुळत नाहीत. पणत्या एकसारख्या सहा, रात्रभर पाण्यात भिजवलेल्या, कारण कोरी माती तेल पिते आणि पातळी उतरते. आतून पेन्सिलची खूण, आणि पेटवायची ती कॅमेरा सुरू होतानाच.

तिसऱ्या टेकला सूनबाईंनी असा हंबरडा फोडला की लाइटवाल्या दादांचेही डोळे भरले. दिग्दर्शक ‘ओके’ म्हणाले. माझी नजर आबांच्या गळ्यावर होती. ‘आबा’ म्हणताक्षणी कंठमणी वर-खाली झाला.

हिचकॉकच्या पत्नी अल्मा रेव्हिल आठवल्या. संकलनाच्या टेबलावरून कंटिन्युटीत आणि तिथून पटकथालेखनात गेलेल्या. हिचकॉकच्या १९६०च्या ‘सायको’त मेलेल्या नायिकेची अशीच बारीक हालचाल त्यांनीच पकडली, असं सांगतात. तिथे चित्रपट जवळजवळ तयार होता. आमचे लाइट अजून जागेवर होते.

अशी चूक सेटभर ओरडून सांगायची नाही, नट अवघडतो. पण लाइट हलायच्या आत सांगायलाच हवी. मी दिग्दर्शकांच्या शेजारी जाऊन हळू म्हटलं, “सर, ‘आबा’वर गळा हललाय.”

“एडिटला काढू.”

“त्याच शब्दावर हात येतोय, सर. आधी कापलं तर हात जातो, नंतर कापलं तर आवंढा राहतो.”

त्यांनी मॉनिटरवर पुन्हा पाहिलं आणि लाइट थांबवले.

दोष नटाचा नव्हता. पान दातांत धरलेलं. तोंडात काही असलं की लाळ सुटते, आणि उताणं झोपल्यावर ती घशाकडेच जाते. मास्टरच्या फोटोत पान ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून नखाएवढं बाहेर दिसत होतं. तेवढाच तुकडा कापून मेकअपदादांनी व्हॅसलिनने बाहेरून चिकटवला. आबांना सांगितलं, ‘अ‍ॅक्शन’आधी आवंढा गिळून घ्या, दोन-तीन सावकाश श्वास, मग अर्धा सोडून थांबा. छाती पूर्ण भरून थांबलं की ती फुगलेली दिसते आणि लवकर थरथरते.

चौथ्याला पदर ‘उठा’च्या आधीच सुटला. पाचवा स्वच्छ गेला, पण तिसऱ्यातला तो हंबरडा पुन्हा आला नाही. सूनबाई पाठमोऱ्या, ओठ दिसत नव्हते. म्हणून शेऱ्यात लिहिलं: ‘टेक ३, चित्र एनजी (नो गुड), ‘आबा’वर गळा. आवाज उत्तम, टेक ५वर लावून पाहणे.’