तीनशे फुटांवर इंजिन थांबले तर

आमच्या शिरपूर तालुक्यात शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की कपाशीत निंदणी करणाऱ्या बाया मानही वर करत नाहीत. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या चोपडा तालुक्यात, वर्डीजवळच्या सातपुड्यात असेच एक प्रशिक्षण विमान कोसळले, प्रशिक्षक वैमानिक दगावले आणि जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासी वस्तीवरच्या माणसांनी झोळी करून डोंगरातून खाली आणले, तेव्हा मात्र पुढचे काही दिवस सगळेच वर पाहत होते. तो अपघात डोंगरातला, त्याची जातकुळी वेगळी. पण तेव्हापासून पारावर एक प्रश्न निघत राहिला: विमान उडाल्या-उडाल्याच इंजिन बंद पडले, तर धावपट्टी पाठीशीच असताना वैमानिक सरळ मागे का वळत नाही?

माझा भाचा सध्या विमान चालवायला शिकतो आहे. मे महिन्यात तो घरी आला असताना शेताच्या बांधावर बसून मी त्याला हाच प्रश्न विचारला. त्याने उत्तर देण्याऐवजी माझ्याकडून गणितच करून घेतले.

चार आसनी सेस्ना उड्डाणानंतर साधारण ७० नॉटने, म्हणजे ताशी १३० किलोमीटरने चढत असते. इंजिन थांबल्यावर ती मिनिटाला सुमारे ७०० फूट खाली येते, वळताना त्याहूनही जास्त. काय घडले आहे हे उमगेपर्यंतच चार सेकंद जातात, आणि पंख ३० अंशांत कलवून उलट दिशेला तोंड करायला आणखी २० सेकंद लागतात. एवढ्यात तीनशे फूट संपलेले असतात, आणि विमान धावपट्टीच्या रेषेत आलेले नसते, तर तिच्यापासून जवळजवळ दीड हजार फूट बाजूला असते. अधिक तीव्र वळण घ्यावे, तर ४५ अंशांच्या कलाला पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेगही जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. नाक वर, वेग कमी आणि वळण तीव्र, असे तिन्ही जुळले की विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल सुटते, एक पंख खाली पडतो, आणि ते सावरायला लागणारी उंची शिल्लक नसते. ‘मामा, इंजिन बंद पडलं म्हणून माणसं मरत नाहीत, मागे वळायला जातात म्हणून मरतात,’ असे तो म्हणाला. हे जरा ठोकून दिलेले विधान आहे असे मला वाटते, पण गणित त्याच्याच बाजूने आहे. त्यांना शिकवतात ते असे: आधी नाक खाली करून वेग राखायचा, आणि समोर, डावीकडे-उजवीकडे थोडेच वळून, जे रान मिळेल त्यात उतरायचे.

इंजिन का थांबते, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, कारण ते मला ट्रॅक्टरमुळे ठाऊक होते. रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत ओल धरते, पाणी जड म्हणून तळाशी बसते, आणि ते इंजिनात गेले की संपले. म्हणून दर उड्डाणाआधी टाकीच्या तळाचे इंधन काचेसारख्या पेल्यात काढून पाहतात. निळसर पेट्रोलखाली बिनरंगी थेंब दिसला की पाणी. इंधनाची कळ चुकीच्या टाकीवर राहणे, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरणे हीही कारणे असतात, फक्त आमच्या मे महिन्यात बर्फाचे नाव काढले तर लोक हसतील. इथे उन्हाचाच त्रास. तापीकाठ समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही, पण पारा ४३ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण चार हजार फुटांच्याही वर असल्यासारखे वाटते. इंजिनाची दहा-बारा टक्के ताकद तिथेच जाते, धाव लांबते, चढ मंदावतो. त्यामुळे इंजिन थांबलेच, तर तीनशे फुटांऐवजी दोनशेच फूट हाताशी असायचे.

मग त्याने समोरच्या शिवाराकडे वैमानिकाच्या नजरेने पाहायला सुरुवात केली, आणि मला माझेच रान परके वाटू लागले. केळीचा बाग नको, कारण खोडे मऊ दिसली तरी बागेत गेलेले विमान जागच्या जागी अडते आणि आतल्या माणसांना हिसका बसतो. विजेचे खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. नांगरून पडलेल्या काळ्या ढेकळांत पुढचे चाक रुतते आणि विमान उलटते. माझ्या शेताला काटेरी तार आहे, म्हणून ते बाद झाले. गव्हाची कापणी होऊन मोकळे झालेले शेजाऱ्याचे लांबट वावर त्याला सगळ्यात आवडले. सपाट होते, वाऱ्याच्या दिशेने होते, आणि मध्ये एकही झाड नव्हते.

त्या वावराच्या मधोमध जुनी विहीर आहे आणि तिला कठडा नाही, हे मला त्याला सांगावे लागले.