बायोटिन-स्विच, खिडकी आणि एक किल्ली

हृदयविकाराच्या झटक्यानंतर शरीराचा दाहच हृदयाच्या स्नायूला आणखी इजा करतो. या दाहात एनएलआरपी३ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. मात्र त्याच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर नायट्रिक ऑक्साइड जडले, की ते थंडावते आणि दाह वाढवणारे इंटरल्युकिन-१ बीटा कमी तयार होते. या इंटरल्युकिनला प्रतिपिंडाने अडवल्यास हृदयविकाराच्या घटना घटतात, हे २०१७ साली कॅन्टोस चाचणीने १०,०६१ रुग्णांवर दाखवले. पण त्याच उपचारात प्राणघातक संसर्ग वाढले, त्यामुळे परत सुटू शकणाऱ्या अशा रासायनिक जोडणीचे मला आकर्षण वाटत होते.

उंदराच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत एनएलआरपी३वरची ही जोडणी दाखवणे एवढेच माझे काम होते. पद्धत जॅफ्री आणि स्नायडर यांची, २००१ सालची, बायोटिन-स्विच नावाची: सिस्टीनचे मोकळे थायॉल (गंधकयुक्त) गट झाकायचे, अॅस्कॉर्बेटने (क जीवनसत्त्वाच्या क्षाराने) नायट्रिक ऑक्साइड सोडवायचे आणि त्या जागी सहज ओळखता येणारी खूण म्हणून बायोटिन बसवायचे.

पेशी छान वाढल्या. पण ज्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड दिलेच नव्हते, त्यांच्या, म्हणजे नियंत्रणाच्या, फिल्मवरच्या पट्टीतही ठळक खूण उमटू लागली. अॅस्कॉर्बेट न घातलेली पट्टी स्वच्छ येत होती, त्यामुळे रसायनांवर संशय घ्यायला जागा नव्हती, आणि मी दोन महिने तोच प्रयोग चिडून पुन्हा पुन्हा केला. दोष माझ्या टेबलामागच्या खिडकीचा होता. अप्रत्यक्ष सूर्यप्रकाशातही अॅस्कॉर्बेट बायोटिनच्या अभिकर्मकाचे क्षपण करते आणि तो मग प्रथिनांतल्या डायसल्फाइड बंधांना (दोन सिस्टीनमधल्या गंधकाच्या जोडांना) जाऊन चिकटतो. विभागात बिनखिडकीची एकच खोली होती, जुनी डार्करूम, जिच्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. किल्लीसाठी अर्ज केला, तर कार्यालयाने खोलीचा क्रमांक मागितला. क्रमांक दिला, तर ती खोली नोंदीत ‘भांडार’ असल्याने दुसरा अर्ज लागेल असे सांगितले. आणि दुसऱ्या अर्जावर सही करणारे साहेब तीन आठवडे रजेवर होते. त्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. पहिल्याच दिवशी मी खिडकीला काळा कागद लावला असता, तर हा अर्जांचा फेरा पडलाच नसता.

थायॉल झाकणारे रसायन अॅसिटोनने प्रथिने अवक्षेपित करून पूर्ण काढून टाकावे, हे मी आधीच सांगायला हवे होते. ते उरले, तर बायोटिन बसायच्या जागाही झाकल्या जातात.

खुर्च्या बाहेर काढून डार्करूममध्ये केलेल्या पहिल्याच प्रयोगात नियंत्रण पट्टी कोरी आली आणि शेजारच्या पट्टीत एनएलआरपी३ दिसले. ती फिल्म मी मॅडमना दाखवायला धावतच गेलो.