१३,००० शाळेला, ३,००० तुमच्या खात्यात: बडोद्यातल्या आरटीई प्रवेशाचा हिशेब

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने २०११ साली दिव्यांग मुलांसाठी एक योजना काढली. मुलाच्या नावाने खातं उघडायचं, सरकार त्याच्या शिक्षणाचा पैसा दर तिमाहीला त्यात टाकणार आणि तो खाजगी शाळेच्या फीवर, शिकवणीवर की पुस्तकांवर खर्च करायचा हे आईबाप ठरवणार. २०२२ पासून तिथे ही सोय सगळ्याच मुलांना खुली झाली. आपल्याकडे असं खातं नाही. पण ‘सरकारी पैसा मुलाच्या मागे जातो’ ही गोष्ट गुजरातमध्येही आहे. तिला आपण ‘आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) अॅडमिशन’ म्हणतो आणि फुकट प्रवेश एवढंच समजून सोडून देतो.

खरं तर त्यात दोन वेगळे पैसे आहेत. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १३,००० रुपये सरकार शाळेला देतं, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच फी. हा पैसा पालकाच्या हाताला लागत नाही. दुसरे ३,००० रुपये वर्षाला पालकाच्या बँक खात्यात येतात, ते वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर आणि ये-जा यासाठी. पहिल्या रकमेवर तुमचा ताबा फक्त फॉर्म भरताना असतो, शाळांचा क्रम लावता त्या घडीला. दुसऱ्यावर ताबा असतो, पण तो खात्याच्या एखाद्या आकड्यावरून निसटतो. म्हणून या दोन जागांवर जास्त वेळ द्या. बाकी गोष्टी सायबर कॅफेवाला करून देतो.

आधी पात्रता. कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(ग) प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळेने पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद कायम ठेवली, आणि २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तिच्यातून वगळल्या. त्यामुळे शहरातल्या काही नावाजलेल्या शाळा यादीत दिसणारच नाहीत, त्यांची वाट पाहत बसू नका. गुजरातेत प्रवेश पहिलीतच मिळतो, नर्सरी-केजीत नाही. १ जूनला मुलाची सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत. उत्पन्नाची मर्यादा पूर्वी शहरात दीड लाख आणि गावात १.२० लाख होती. २०२५ मध्ये ती दोन्हीकडे ६ लाख झाली. त्यामुळे रिक्षा चालवणारा, दुकानात नोकरी करणारा, छोट्या कंपनीत पगारावर असणारा असा मोठा वर्ग आत आला, आणि रांगही लांबली.

ही रांग पहिल्या येणाऱ्याची नाही, प्रवर्गाच्या क्रमाची आहे. अनाथ, संरक्षणाची गरज असलेली मुलं, बालगृहातली, बालमजूर आणि स्थलांतरित मजुरांची, दिव्यांग, एआरटी (एचआयव्हीवरचे) उपचार घेणारी, शहीद जवानांची मुलं आधी. मग ज्या घरात एकच अपत्य आणि ते मुलगी आहे, त्या मुली. त्यानंतर सरकारी आंगणवाडीत शिकलेली मुलं, आणि मग सरकारी सर्वेक्षणात ० ते २० गुण असलेली बीपीएल (दारिद्र्यरेषेखालची) कुटुंबं, अनुसूचित जाती-जमाती, सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग आणि शेवटी सर्वसाधारण. इथे थांबून पाहा: आंगणवाडी बीपीएलच्याही वर आहे. सोसायटीतल्या खाजगी प्ले-ग्रुपला महिन्याचे पैसे भरणाऱ्या किती घरांना हे माहीत असतं? मूल तीन-चार वर्षांचं असतानाच आंगणवाडीत नाव घातलं, तर सहाव्या वर्षी क्रम बराच वर सरकतो. मात्र तिथे शिकल्याचा दाखला हातात हवा.

आता पहिली जागा, शाळांचा क्रम. घराची जागा नकाशावर टाकली की सहा किलोमीटरच्या आतल्या शाळांची यादी समोर येते. ही खूण कॅफेत बसून अंदाजाने टाकू नका. बडोद्यात वाडी जुन्या शहरात आहे आणि गोत्री पश्चिमेला. खूण चुकली तर यादी वेगळ्याच भागाची येते आणि पुढे पत्ता जुळत नाही म्हणून फॉर्म नामंजूर होतो. यादी नीट वाचली तर एकच शाळा दोनदा दिसेल, एकदा गुजराती माध्यमाची आणि एकदा इंग्रजीची. इमारत एक, फाटक एक, पण फॉर्मच्या लेखी त्या दोन शाळा. घाईत दुसऱ्याच ओळीवर टिक होते आणि प्रवेश लागल्यावर माध्यम बदलून मिळत नाही. आपल्या मराठी घरांत माध्यमाचा प्रश्न तसाही अवघड असतो. गुजराती कुठल्याही माध्यमात शिकावीच लागेल, २०२३ च्या कायद्याने ती पहिली ते आठवी सर्व शाळांत सक्तीची आहे. म्हणजे ‘गुजराती कच्ची राहील’ या भीतीने माध्यम ठरवायचं कारण नाही. घरी अभ्यास कोण घेणार आणि त्याला कोणती भाषा वाचता येते, यावर ठरवा.

अंतराचा हिशेब मात्र रुपयांत करा. ३,००० ला शाळेच्या दहा महिन्यांनी भागलं की महिन्याचे ३०० उरतात. पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेची व्हॅन ३०० रुपयांत बसत नाही. म्हणजे नामांकित पण लांबची शाळा पहिल्या क्रमांकावर टाकली, तर सगळे तीन हजार व्हॅनमध्ये जातात आणि पुस्तकं-गणवेश खिशातून येतात. तेही एक वर्ष नाही, आठ वर्षं. दीड-दोन किलोमीटरवरची बऱ्यापैकी शाळा, जिथे आजोबा सायकलवर सोडू शकतात, ती वर टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. क्रम लावायच्या आधी त्या शाळेच्या फाटकाशी सुटायच्या वेळी एकदा उभे राहा. तिथल्या पालकांना तीन गोष्टी विचारा: पुस्तकांचा संच एकाच दुकानातून घ्यावा लागतो का, गणवेश किती प्रकारचे आहेत, आणि आरटीईच्या मुलांकडून ‘अॅक्टिव्हिटी’च्या नावाने वेगळे पैसे मागतात का.

शाळांची कुरकुर कशामुळे असते, तेही समजून घ्या. २०१७ च्या फी नियमन कायद्यात प्राथमिकसाठी १५,००० ची पायरी ठरली, त्याहून जास्त फी घ्यायची तर समितीकडून मंजुरी घ्यावी लागते. ज्या शाळेची मंजूर फी ४०-५० हजार आहे, तिला तुमच्या मुलामागे १३,००० च मिळणार, आणि तेही वर्ष सरल्यावर. तो फरक कुठून तरी भरून काढायचा मोह होतो. पण तो प्रश्न शाळा आणि सरकार यांच्यातला आहे, तुमच्याकडून फीच्या नावाखाली काही घेता येत नाही. मागितलेच तर भांडू नका. ‘कशाचे पैसे ते लेखी द्या आणि पावती द्या’ एवढंच म्हणा. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. नाही विरली तर तो कागद घेऊन जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज द्या आणि पोच घ्या.

कागदपत्रांत आपली मराठी घरं एका खास कारणाने अडकतात, ते म्हणजे नाव. जन्मदाखल्यात बापाचं नाव ‘संजयभाई’, आधारवर ‘संजय’, पॅनवर ‘संजयराव’. आईचं ‘सुनिताबेन’ आणि ‘सुनीता’. चव्हाणांचं कुठे ‘चौहाण’ झालेलं. आपल्या कानाला हे एकच माणूस, पण कागद तपासणाऱ्याच्या समोर ती तीन माणसं आहेत. दुरुस्तीला आठवडे लागतात आणि फॉर्म भरायची मुदत थोड्या दिवसांची असते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहिरात येते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच सगळे कागद एका ओळीत मांडून नावं अक्षरशः जुळवा. मुलाचं आधार, जन्मदाखला, दोघांचं आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल, तर भाडेकरार नोंदणीकृत लागतो. नोटरीचा चालत नाही. यावर दरवर्षी फॉर्म पडतात, कारण नोटरीचा करार झटपट होतो आणि सगळ्यांकडे तोच असतो. ‘आवकनो दाखलो’, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, मामलतदाराचा किंवा इतर सक्षम अधिकाऱ्याचा हवा. तो तीन वर्षं चालतो, पण जुना असेल तर तारीख पाहून घ्या. जातीचा दाखला गुजरातच्या अधिकाऱ्याने दिलेला हवा. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाने तिकडचा दाखला जोडून आरक्षित प्रवर्ग मागितला तर तो टिकत नाही. आयकर विवरण भरत असाल तर ते, नाहीतर भरत नसल्याचं स्वयंघोषणापत्र. अपलोड करताना मूळ कागद स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो नको. ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेल्या फोटोत गोल शिक्का चकाकतो आणि नेमका तारखेचा आकडा पांढरा होतो. दिवसा, खिडकीजवळ, कागद सपाट ठेवून काढा आणि मोठा करून शिक्का वाचता येतो का ते पाहा.

उत्पन्न खोटं दाखवू नका. पॅनवरून ते निघतं आणि वर्षाच्या मध्ये प्रवेश रद्द झाला तर सहा-सात वर्षांचं मूल वर्गातून उठतं. तेच एका वर्षी दुसरीकडे पहिली शिकवून, पुढच्या वर्षी आरटीईत परत पहिलीला बसवणाऱ्यांचं. गुजरातेत प्रत्येक विद्यार्थ्याला १८ अंकी यू-डायस (सरकारच्या शाळा-नोंदणीतला) क्रमांक असतो, त्यात जुनी नोंद दिसते.

पहिल्या फेरीत नंबर लागला तर मेसेज येतो, प्रवेशपत्र काढून दिलेल्या तारखेच्या आत शाळेत हजर व्हायचं. तारीख गेली की जागा गेली. नाही लागला तर निराश होऊ नका. उरलेल्या जागांसाठी शाळा पुन्हा निवडायची संधी मिळते. ती आपोआप होत नाही, लॉगिन करून स्वतः निवडावं लागतं. फॉर्मला कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर दिला असेल तर हा मेसेज त्याच्याकडेच राहतो. नंबर आईचा किंवा बापाचा, आणि वर्षभर चालू राहणारा द्या.

आता दुसरी जागा, ते ३,००० रुपये. बडोद्यात बऱ्याच घरांची खाती बँक ऑफ बडोदात असतात, १९०८ साली सयाजीरावांनी काढलेली आपल्या गावची बँक. तिचा आयएफएससी कोड ‘बीएआरबी’ या चार अक्षरांनी सुरू होतो आणि पाचवं चिन्ह शून्य असतं. शून्य, ‘ओ’ नव्हे. सगळ्याच बँकांच्या अकरा चिन्हांच्या कोडमध्ये पाचवं शून्यच असतं, पण पासबुकावरच्या पुसट छपाईत ते ‘ओ’सारखं दिसतं आणि फॉर्ममध्ये तसंच जातं. दुसरं, देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. कपाटातलं देना बँकेचं पासबुक बघून कोड भरला तर पैसे येणार नाहीत. नवीन पासबुक छापून घ्या आणि त्यावरूनच लिहा. खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं आणि पैसे काढायला पुन्हा केवायसी करावी लागते. म्हणून दोन-चार महिन्यांनी शंभर रुपये तरी टाका-काढा.

हे पैसे जूनमध्ये हातात येतील असं धरू नका. खर्च जूनमध्ये होतो, रक्कम मागाहून येते. त्यामुळे पहिल्या वर्षी पुस्तकं आणि गणवेशाची तरतूद आधी करून ठेवा. खात्यात पैसे आले नाहीत तर आधी शाळेत जा. तुमच्या मुलाच्या नावापुढे खाते क्रमांक काय नोंदलाय तो पडद्यावर बघून पासबुकाशी एकेक आकडा जुळवा. बँकेच्या खिडकीशी चौकशी करून काही निघत नाही, कारण पाठवणाऱ्याकडेच क्रमांक चुकलेला असतो.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात लागू केलं. तेव्हा राज्याने गावोगाव शाळा चालवल्या आणि मूल न पाठवणाऱ्या बापाला दंड केला. आज राज्य दुसऱ्याच्या शाळेतली एक जागा आठ वर्षांसाठी विकत घेतं. आठच वर्षं, हे बहुतेकांच्या ध्यानात सातवीपर्यंत येत नाही. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला मित्र सोडून जायला लावणं कठीण असतं.

त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, मुख्यमंत्री ज्ञानसाधना शिष्यवृत्ती. तिची परीक्षा आठवीत असते. आरटीईतून आठवीपर्यंत शिकलेली मुलं तिला बसू शकतात, निवड झाली तर नववी ते बारावी पैसे मिळतात, अकरावी-बारावीला वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये. अ‍ॅरिझोनाच्या खात्याच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच. दुसरी वाट मुलींसाठी, २०२४ ची नमो लक्ष्मी योजना, चार वर्षांत मिळून ५०,००० रुपये. त्यातले निम्मे महिन्या-महिन्याला येतात आणि निम्मे दहावी आणि बारावी पास झाल्यावर. हजेरी ८० टक्के हवी. हा पैसा आईच्या खात्यात जातो, म्हणून आईच्या नावाचं खातं आणि त्याला जोडलेलं आधार तपासा. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार ‘सीड’ झालं असं नाही. माय-आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. जोडणी एकाच बँकेला असते, आईने मधे दुसरीकडे खातं उघडून आधार तिथे जोडलं असेल तर पैसा तिकडे जातो.

ज्ञानसाधनाच्या फॉर्मला मुलाचा तोच १८ अंकी यू-डायस क्रमांक लागतो. तो शाळेकडून आत्ताच मागून घ्या आणि पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.