भोपळ्याचं फूल आणि श्प्रेंगेल मास्तर

गच्चीवरच्या पिंपात लावलेल्या लाल भोपळ्याला यंदा फुलं लई आली पण फळ काय धरेना, लिंबाएवढं होतंय, पिवळं पडतंय आणि गळतंय. आई म्हणाली, "अगं राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर माशी यायला तिला काय लिफ्ट लावून दिलीस होय?" मग रोज सकाळी सहाला गच्चीवर जायचं, नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढून आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात हळूच फिरवायचा. एक फळ टिकलं!! आणि मला फुलात डोकं घालून बसायची सवय लागली.

त्या नादात वाचता वाचता हा माणूस सापडला. क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल, जन्म १७५०, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गचा. बर्लिनजवळच्या स्पांडाऊमध्ये शाळेचा हेडमास्तर, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. तब्येतीची कुरकुर असायची म्हणून हाइम नावाच्या डॉक्टरनं सांगितलं की झाडंपानं बघत जा. याने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

१७८७ च्या उन्हाळ्यात जिरेनियमच्या रानटी फुलात त्याला पाकळ्यांच्या बुडाशी बारीक लव दिसली. आपण म्हटलं असतं, असेल. हा म्हणाला, देवाने एक केससुद्धा उगाच लावलेला नाही. त्याचा हिशोब असा की कपाळावरचा घाम भुवया जशा डोळ्यांत जाऊ देत नाहीत तशी ही लव पावसाचं पाणी खालच्या मधात जाऊ देत नाही. आता मध एवढा जपायचा तो कुणासाठी, तर किड्यांसाठी, आणि किडे कशाला, तर पराग न्यायला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका निळ्या फुलातलं पिवळं कडं बघून म्हणाला, ही किड्याला मधाची वाट दाखवणारी पाटी आहे. काही फुलांत नर आणि मादीचे भाग वेगवेगळ्या वेळी तयार होतात हेही त्यानेच पकडलं.

१७९३ ला पुस्तक काढलं, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या चित्रांची २५ पानं छापून. कुणी फारसं विचारलं नाही. कवी गटेलाही पटलं नाही, निसर्गाला माणसाची अक्कल कशाला चिकटवतोस असा त्याचा सूर. दुसरा भाग कधी निघालाच नाही आणि १७९४ ला शाळेनेही पेन्शन देऊन घरी बसवलं. (मास्तर कडक होता आणि भांडायचाही, हे खरं. पण फुलं बघतो म्हणून शाळेकडे दुर्लक्ष झालं ही तक्रार वाचून मी सकाळचं घड्याळ जरा बघायला लागले.) मग बर्लिनमध्ये शिकवण्या करत राहिला आणि १८१६ ला गेला. १८४१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने डार्विनला हे पुस्तक वाचायला सांगितलं तेव्हा कुठे मास्तरांचे दिवस फिरले, पण ते बघायला मास्तर नव्हते.

काल सहाला वर गेले तर मादीच्या फुलात माझ्या आधीच एक मधमाशी पिवळीधमक होऊन लोळत होती. आईला हाक मारली. ती म्हणाली, "आली बघ, जिना चढून."